चॉकलेटच्या पांघरुणाखालचं दूध

गेल्या मे महिन्यात पुण्याहून नातवंडं आली आणि आमच्या फ्रिजचं दार दिवसभर उघडंच राहायला लागलं. थोरल्याचं म्हणणं, टेट्रापॅकमधलं चॉकलेट दूधच भारी. धाकटीचं म्हणणं, काचेच्या बाटलीतलं. "आज्जी, डोळे मिटून ओळखतो मी," थोरला म्हणाला. मी म्हटलं, "ओळख बघू."

ओळखलं नाही. त्याने नाही, तिने नाही, आणि आमच्या ह्यांनी तर एकाच बाटलीतलं दूध दोन पेल्यांत दिलं तेव्हा एकाला दहापैकी सात आणि दुसऱ्याला चार गुण दिले. तिथून आमचा खेळ सुरू झाला. तो नीट कसा खेळायचा ते सांगते.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली. त्यातली पहिली आठ डॉकवर, म्हणजे गावागावांतून कॅन उतरतात तिथे. झाकण उघडायचं, लगेच वास घ्यायचा, आणि पुढचा कॅन यायच्या आत ठरवायचं की दूध घ्यायचं की बाजूला काढायचं. शंका आली तर थोडं परीक्षानळीत घेऊन उकळायचं. फाटलं तर कॅन बाजूला. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), लॅक्टोमीटरची (दुधात तरंगवून त्याची घनता बघायच्या नळीची) डिग्री हे सगळं त्याच्या नंतर. आधी नाक.

अशी सवय लागलेल्या माणसाला चॉकलेट दूध म्हणजे डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेला पाहुणा. तोंड दिसत नाही, पण घोरण्यावरून कोण ते कळतं. लोक चॉकलेट दुधांची तुलना करतात तेव्हा चॉकलेटची करतात. कोकोचा फरक असतो, नाही असं नाही. पण पेल्यातला नव्वद टक्के माल दूध आणि राहिलेल्यात बहुतेक साखर. कोको बहुतेक ठिकाणी टक्का-दीड टक्का. तेव्हा चाखायचं ते दूध, पांघरुणाखालून.

चारच आणा

दुकानातून आठ-दहा तऱ्हा उचलून आणायचा मोह होतो. आणू नका. गोड पदार्थाने जीभ लवकर थकते. पाचव्या पेल्यानंतर सगळंच सारखं लागायला लागतं आणि मग माणूस बाटलीच्या आठवणीवर गुण देतो.

चार आणा, पण चार रीतींनी केलेली. एक, दुकानाच्या फ्रिजमधलं पाश्चराइज केलेलं, थोडेच दिवस टिकणारं. साधं दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, कोको-साखर घातलेलं त्याहून थोडं जास्त. दुसरं, काचेच्या बाटलीतलं स्टरिलाइज केलेलं. हे बाटलीत भरून, बूच लावून, मग बाटलीसकट वाफेवर ११० ते १२० अंशांपर्यंत नेतात आणि बराच वेळ ठेवतात. मुंबईकरांना आरेच्या स्टॉलवरची 'एनर्जी'ची बाटली आठवेल, तसं. तिसरं टेट्रापॅकमधलं, यूएचटी, म्हणजे १३५ अंशांच्या वर पण काही सेकंदच. हर्शीज, कॅव्हिन्स, अमूल, यांतलं जे मिळेल ते. आणि चौथं घरी केलेलं.

हे चौथं चुकवू नका. आमच्या भाषेत तो मापाचा पेला. त्यात काय आणि किती घातलंय हे तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून बाकीचे तीन त्याच्याशी ताडून बघता येतात. एक लिटर टोन्ड दूध घ्या (त्यात फॅट ३ टक्के असतं, फुल क्रीममध्ये ६, म्हणजे दुप्पट, म्हणून मुद्दाम टोन्ड). १२ ग्रॅम बिनसाखरेचा कोको आणि ७० ग्रॅम साखर आधी कोरडीच एकत्र करा, मग त्यात थोडं गरम दूध घालून गंधासारखं घोटा. थेट दुधात कोको टाकलात तर गुठळ्या तरंगत राहतील. मग उरलेलं दूध घालून दोन-तीन मिनिटं ढवळत उकळा, खाली लागू देऊ नका, गार करा, साय गाळून काढा. रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळपर्यंत कोको नीट भिजतो.

पहिल्या खेपेला माझीच चूक

इतकी वर्षं हेच काम केलेली बाई, पण घरी पहिल्यांदा बसलो तेव्हा मी स्टीलचे पेले मांडले, आदल्या रात्री लिंबाच्या वासाच्या साबणाने घासलेले. चारही दुधांना लिंबाचा वास. धाकटी म्हणाली, "आज्जी, हे भांडी घासायचं दूध आहे." तेव्हा पेले काचेचे घ्या, सगळे एकसारखे, गरम पाण्याने विसळून उपडे घालून वाळवलेले. फडक्याने पुसू नका, फडक्यालाही वास असतो.

वेळ सकाळी दहा-अकराची. नाश्ता होऊन तास-दीड तास झालेला असतो आणि जेवणाची भूक लागलेली नसते. त्या सकाळी मिसळ नको. कॉफी, तंबाखू, मिश्री, सेंट, डोक्याला वासाचं तेल, काही नको. गजराही नको. माझ्या जावेने मोगरा माळून चाखायला बसायचा हट्ट केला, तिला खिडकीत बसवली.

दूध फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखू नका. गारेगार दुधाचा गोडवा कमी वाटतो आणि वास तर जवळजवळ मिटलेला असतो. कंपन्या "चिल्ड सर्व्ह करा" लिहितात ते चवीसाठी, आणि दोष झाकायलाही ते बरंच असतं. वीस मिनिटं बाहेर ठेवा, १५ अंशांच्या आसपास येऊ द्या. पेल्याला हात लावला तर गार लागावा, पण दातांना कळ येऊ नये.

आता नंबर. बाटल्या चाखणाऱ्यांच्या नजरेआड ठेवा आणि पेल्यांना खडूने तीन आकडी नंबर द्या: ४१७, ८०२, २६५, ५९३, असे कुठलेही. १, २, ३ किंवा अ, ब, क लिहू नका. 'अ'ला लोक नकळत पहिला नंबर देतात. प्रत्येकाला क्रम वेगळा लावा, कारण रिकाम्या तोंडाला पहिला पेला नेहमीच थोडा जास्त आवडतो. आणि चारपैकी एखादं दूध दोन नंबरांनी दोनदा ठेवा. त्या दोन पेल्यांना ज्याने फार वेगळे गुण दिले त्याची त्या दिवसाची बाकीची मतं पेन्सिलीने लिहायची. आमच्या ह्यांची अजून पेन्सिलीनेच आहेत.

पेल्यात दोन-तीन चमचेच दूध, ३० मिलिलिटरच्या आसपास. मध्ये तोंड धुवायला कोमट पाणी, थंड नको. सोबत ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. भाकरीत मीठ नसतं आणि जिभेवरचा स्निग्ध थर ती छान पुसून नेते. बिस्किटं ठेवलीत तर दूध गेलं बाजूला, मुलं बिस्किटंच खातील.

घोट

आधी बघा. पेला तिरका करून सरळ करा आणि कडेने दूध कसं उतरतं ते पाहा. टोन्ड दुधाचं पातळ चॉकलेट दूध लगेच ओघळतं. दाट असेल तर काचेवर पडदा राहतो. पण दाटपणा साईचा की गोंदाचा, हे डोळ्यांना कळत नाही. ते पुढे तोंडात.

रंगाला भुलू नका. मुलांनी पहिल्या दिवशी सर्वांत काळपट पेल्याला "हे जास्त चॉकलेटचं" म्हणून मतं दिली. कोकोवर अल्कलीचा संस्कार केला की तो गडद आणि लालसर होतो आणि त्याचा आंबटपणा, तुरटपणा उलट कमी होतो. खरं वाटत नसेल तर दोन वाट्यांत साधा कोको गरम पाण्यात कालवा आणि एकीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. बघता बघता रंग बदलेल. शिवाय काही पाकिटांवर घटकांत आयएनएस १५० लिहिलेलं असतं (आयएनएस म्हणजे पदार्थात वरून घातलेल्या रंग, गोंद वगैरेंचा ठरलेला नंबर). ते कॅरॅमल, म्हणजे निव्वळ रंग. मुलांसमोर चाखताना मी आता पेल्यांना बाहेरून कागद गुंडाळते आणि खोलीचे पडदे ओढते.

मग वास. पेल्यावर तळहात झाकून दोनदा गोल फिरवा, हात काढा, हुंगा. बहुतेक पेल्यांतून आधी चॉकलेट येत नाही, व्हॅनिला येतो. आपल्या नाकाला चॉकलेटच्या वडीची सवय आहे आणि वडीत व्हॅनिला असतोच, म्हणून व्हॅनिला आला की मेंदू चॉकलेट ऐकतो.

आता नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. गोड लागेल, थोडं कडवट लागेल, बास. तोंडात दोन वेळा फिरवा, नाक सोडा आणि श्वास नाकाने बाहेर टाका. जे एकदम भरून येतं ते खरं वासाचं काम. काही दुधांत नाक सोडल्यावर काहीच येत नाही. ती नुसती तपकिरी साखर.

गिळायलाच हवं असं नाही. डॉकवर कोणी गिळत नाही, नाहीतर डेअरीतली माणसं हत्ती झाली असती. ह्यांना मधुमेह आहे म्हणून त्यांना मी एक रिकामा स्टीलचा तांब्या देते, पाहुण्यांसमोर संकोच नको म्हणून झाकणाचा. घोट टाकून दिल्यावर दहापर्यंत मोजा आणि मग लिहा. दुधाचे बरेचसे गुणदोष मागाहून येतात.

शब्द आपलेच वापरा

मुलांना विचारलं "कसं लागलं?" तर उत्तर येतं, "मस्त" नाहीतर "याक". यावर तुलना होत नाही. पण चवीला मराठीत इतके शब्द आहेत की मला प्रयोगशाळेतले इंग्रजी तक्ते कधी लागलेच नाहीत.

खरवडीचा वास: दूध आटवल्यावर पातेल्याच्या तळाशी जे खरवडून खायचो, तो. काचेच्या बाटलीतल्या दुधात हा हमखास सापडेल, कारण बराच वेळ तापल्यामुळे दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी लागून तपकिरी होतात. काही जण याला दोष म्हणतात. मी म्हणत नाही. मला तो पेढ्याकडे जाणारा रस्ता वाटतो, आणि चॉकलेटला तो फार शोभतो. करपट मात्र वेगळं. खरवड गोडसर असते, करपट घशात टोचतं.

उकळल्याचा वास: दूध नुकतं वर आल्यावर येतो तो, किंचित अंड्याकडे झुकणारा. ताज्या टेट्रापॅकमध्ये सापडतो आणि पॅक काही दिवस जुना झाला की आपोआप मावळतो. म्हणून एकाच कंपनीचे दोन पॅक वेगवेगळ्या तारखांचे आणून बघा. दोन वेगळी दुधं वाटतील.

खवट: जुन्या लोण्याचा. फॅट फुटलं की येतो. कडवट: कोकोचाही असतो, पण कोकोचा कडूपणा जिभेवर लगेच येऊन जातो. दुधाचा कडूपणा घोट गेल्यावर मागून येतो आणि घसा धरून बसतो. गार ठेवलेल्या दुधातही वाढणाऱ्या जंतूंची विकरं (एन्झाइम) दूध तापवल्यावरही शिल्लक राहतात आणि महिनोन्‌महिने पॅकमध्ये बसून प्रथिनं कुरतडतात. तारीख संपत आलेल्या पॅकमध्ये हे सापडू शकतं.

पुठ्ठ्याचा वास: ओल्या खोक्याचा. कधी जुन्या दूधपावडरीमुळे, तर कधी पारदर्शक बाटली दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फार दिवस राहिल्यामुळे. दुधातल्या रिबोफ्लेविनला, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाला, उजेड सोसत नाही. दुकानात बाटली उचलताना मागच्या अंधारातली उचलावी, ती याचसाठी.

मचूळ: म्हणजे पाणीदार, अंग नसलेलं. गोडमिट्ट: ज्यात साखरेशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. पिठूळ: कोको जाड दळलेला किंवा न भिजलेला, जिभेच्या टोकाला टाळूवर घासून बघा. आणि बुळबुळीत. हा माझा आवडता शब्द, कारण साईचा दाटपणा आणि गोंदाचा दाटपणा यांतला फरक हाच. साय जिभेवर पसरते आणि विरते. गोंद तसाच्या तसा घसरून जातो आणि मागे काही ठेवत नाही.

हा गोंद म्हणजे बहुतेक वेळा कॅराजिनन, लाल समुद्री शेवाळापासून काढलेलं, पाकिटावर आयएनएस ४०७. तो घातला म्हणजे फसवणूक असं समजू नका. कोको दुधात विरघळत नाही, तळाशी बसतो. कॅराजिनन दुधातल्या केसिन नावाच्या प्रथिनाशी हातमिळवणी करून एक विरळ जाळं विणतं आणि कोकोचे कण त्यात अडकून राहतात. १०० लिटरला २०-३० ग्रॅम पुरतात. जास्त पडलं की बुळबुळ. तुमचा मापाचा पेला अर्धा तास तसाच ठेवा, तळाशी गाळ दिसेल. बाजारातल्या पेल्यात दिसणार नाही. गाळ असणं हा दोष नाही, पण चाखायच्या आधी दोन्ही सारखे ढवळा, नाहीतर वरचं पातळ एकाला आणि खालचा कोको दुसऱ्याला जातो. आमच्याकडे यावरून भांडण झालंय.

पैज लागली तर

"मी ओळखतो" म्हणणाऱ्यासाठी तीन पेल्यांची परीक्षा आहे. दोन पेल्यांत एकच दूध, तिसऱ्यात दुसरं. वेगळा कुठला ते सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतोच, त्यामुळे एकदा ओळखलं याला काही अर्थ नाही. घरात सहा जण असतील आणि पाच जणांनी बरोबर सांगितलं तर ती दोन दुधं खरोखर वेगळी आहेत असं मी मानते. चार जणांवर नाही मानत.

जीभ तयार करायची असेल तर याहून सोपा एक सराव आहे. मापाच्या पेल्याची कृती तीनदा करा, लिटरला ५०, ७० आणि ९० ग्रॅम साखर घालून, आणि नंबर टाकून चढत्या क्रमाने लावायला सांगा. मोठी माणसं यात मुलांपेक्षा जास्त चुकतात. दोन चमचे साखरेचा चहा पिणाऱ्यांना ७० ग्रॅमचं दूध मचूळ वाटतं.

लॅक्टोमीटर घरी असेल तर या दुधात बुडवू नका. बुडतच नाही. साखरेमुळे दूध इतकं जड होतं की तो आकड्यांच्या वर डोकं काढून उभा राहतो. आमच्याकडे एका नव्या मुलाने फ्लेवर्ड मिल्कची डिग्री काढायचा प्रयत्न केला होता आणि यंत्र बिघडलं म्हणून तक्रार लिहून दिली होती.

पाकीट शेवटी

नंबरांची नावं उघड झाली की मगच पाकिटं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिला शब्द दूध आहे, की पाणी आणि पुढे मिल्क सॉलिड्स, हे बघा. ज्याला तुम्ही मचूळ लिहिलंत त्याचं कारण तिथे सापडतं की नाही ते पाहण्यात मजा आहे.

साखरेच्या दोन ओळी असतात: एकूण आणि वरून घातलेली. दुधाची स्वतःची साखर १०० मिलिलिटरला साडेचार-पाच ग्रॅम असते, तिला दोष देऊ नका. समजा घातलेली साखर १०० मिलिलिटरला ९ ग्रॅम आहे आणि पॅक २०० चा. म्हणजे १८ ग्रॅम, चहाचे जवळजवळ चार चमचे. काही पाकिटांवर आकडे एका सर्व्हिंगचे ठळक असतात, काहींवर १०० मिलिलिटरचे. सगळे १०० वर आणल्याशिवाय शेजारी शेजारी ठेवू नका.

कोणतं दूध पहिलं आलं ते इथे लिहीत नाही. त्यात माझ्या जुन्या संघाचंही होतं, आणि मी अजून त्या आवारात चहाला जाते.

एक पेला मात्र स्पर्धेत धरू नका: कोल्ड कोको. माझ्या सुनेचं माहेर मूळ खानदेशातलं, पण दोन पिढ्या सुरतेत. तिथे कोको म्हणजे कॉर्नफ्लोअर किंवा कस्टर्ड पावडर लावून शिजवलेलं, चमच्याला धरेल इतकं दाट, थंडगार चॉकलेट दूध, वर किसलेलं चॉकलेट. सून तो इथे करते तेव्हा सगळे पेले बाजूला होतात. पण तो खिरीचा भाऊ आहे. त्याच्या शेजारी कुठलंही दूध पाण्यासारखंच लागणार. कोको करायचा असेल तर दोन घरचे कोको एकमेकांशी ताडा, एक म्हशीच्या दुधाचा, एक गाईच्या. म्हशीच्या दुधाला मुळातच अंग असतं, त्याला पीठ कमी लावा. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलेल्या कोल्हापूरकराला हे सांगायला नको.

बाटल्यांत उरलेलं (पेल्यांतलं नाही, तांब्यातलं तर नाहीच) सगळं एका पातेल्यात ओता, एक उकळी काढून निम्म्यापर्यंत आटवा आणि कुल्फीच्या साच्यांत भरा. आटल्यावर गोडी वाढते, म्हणून आधी थोडं बिनसाखरेचं दूध घाला.